उसगाळीमळचं चक्र: भाच्याने अर्थ विचारला आणि माझी पंचाईत झाली

कुळागर (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या आठवड्यात पुण्याची बहीण आणि आठवीतला भाचा आले होते. समुद्र त्यांचा दर खेपेला होतो, म्हणून यंदा गाडी उलट्या अंगाला काढली. मडगाव, केपे, तिळामळ, जांबावलीला दामोदराला हात जोडून रिवण, आणि पुढे नेत्रावळीच्या वाटेवर उसगाळीमळ. काही जण पणसायमळ म्हणतात.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कुशावतीच्या अगदी काठाला जांभ्याचा सपाट कातळ आहे. त्यावर शंभराहून अधिक आकृत्या कोरलेल्या आहेत. वशिंडाचे बैल, गवे, हरणं, मोर म्हणून दाखवतात तो पक्षी, माणसं, वाटीएवढे गोल खळगे. आणि ते प्रसिद्ध चक्र, एकात एक सात वेढ्यांचं. १९९३ साली गावच्या लोकांनी दाखवलं म्हणून डॉ. पी. पी. शिरोडकर आणि पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे पोचली, गाळ उपसला आणि हे सगळं वर आलं.

आम्ही साडेआठच्या आत पोचलो हे नशीब. ऊन तिरपं असलं की प्रत्येक खोबणीत सावलीची रेघ भरते आणि बैल अक्षरशः उठून उभा राहतो. दहा वाजून गेले की तोच कातळ कोरा. आमच्या मागून आलेलं एक कुटुंब 'कुठे काय आहे हो?' विचारत उभं होतं, बैलाच्या पाठीवर.

भाचा चक्राच्या कडेला उकिडवा बसला. खोबणी बोटाचं एखादं पेर बुडेल एवढी. त्याने बोट घातलं आणि बाहेरून आत फिरवायला लागला. वाट हुकली की 'थांब थांब' म्हणत मागे. बराच वेळ कोणाशी बोलला नाही. मग बोटाची तांबडी माती चड्डीला पुसून म्हणाला, 'मामा, याचा अर्थ काय?'

मी म्हणालो, 'सृष्टीचं चक्र वगैरे.'

तेव्हापासून स्वतःवरच चिडून आहे. 'मला ठाऊक नाही' म्हणायला जीभ का वळली नाही? आपल्यात त्या बाजूचे बरेच जण आहेत. तुमचं या दगडांशी नातं काय आहे, फोटो काढण्यापलीकडे?

---

सांगेकर_८२

चपला काढल्या होत्या ना?

---

कुळागर

काढल्या होत्या. त्या कुटुंबाने नव्हत्या काढल्या. बोलायचं धाडस झालं नाही.

---

खडूफळा

मी निवृत्त शिक्षिका. माझं पाप आधी कबूल करते.

बऱ्याच वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन गेले होते. पोचायला दुपारचे बारा. फोटोत काही येईना. मग पर्समधला पांढरा खडू काढला आणि मुलांना म्हटलं, रेघा भरा. काय सुंदर दिसायला लागलं सगळं! विज्ञान प्रदर्शनात त्या फोटोवरून तक्ता केला, बक्षीसही मिळालं.

काही वर्षांनी सकाळच्या उन्हात परत गेले, तेव्हा तक्त्याची प्रत हातात होती. आमच्या बैलाला तीन शिंगं होती. कातळाला मुळातच एक भेग होती, मुलांनी ती खडूने शिंगाला जोडली होती. एका हरणाचा पाय आम्ही वगळलाच होता. म्हणजे आधी आकृती आम्हीच बनवली आणि मग तिच्याखाली सुवाच्य अक्षरात अर्थही लिहिला.

वर पुन्हा जांभा सच्छिद्र, खडूची भुकटी त्यात बसते ती सहजी निघत नाही. कुणीही, कधीही, खडू नको. पाणी ओतणं नको, पानं घासणं नको. उजेड हवा असेल तर लवकर उठा.

---

पाषाणभेद

बाईंना दंडवत, हे लिहायला धैर्य लागतं. तीन शिंगांचा बैल एखाद्या लेखात 'पौराणिक प्राणी' म्हणून आला नाही म्हणजे मिळवली.

आता काळाबद्दल, कारण हा विषय निघाला की कुणीतरी 'वीस हजार वर्षं', कुणीतरी 'तीस हजार वर्षं' असं सोडून देतं. उघड्या कातळावरच्या खोदकामाचं वय थेट काढणं फार अवघड. कार्बनने वय काढायचं तर कोळसा, हाड, लाकूड असं काहीतरी सेंद्रिय हवं. खोबणीत ते नसतं. दगडाचं वय काढून उपयोग नाही, दगड शिल्पापेक्षा कितीतरी जुना. मग उरतो तो शैलीचा अंदाज, आणि जवळपास मिळालेली हत्यारं. वशिंडाचा बैल दिसला की काही अभ्यासक म्हणतात हा पाळीव, म्हणजे नवाश्मयुग, म्हणजे काही हजार वर्षं. दुसरे म्हणतात शिकारीची दृश्यं आहेत, त्याआधीचं मध्याश्मयुग धरा. दोघेही एकाच कातळाबद्दल बोलत असतील आणि दोघेही बरोबर असतील, कारण सगळं एकाच हाताने, एकाच काळात कोरलं असा पुरावा कुठे आहे? आपल्या देवळात कदंबांचा दगड, मराठ्यांच्या काळातली दीपमाळ आणि परवाच्या फरशा एकत्र नांदतातच की.

चक्राचंही तेच. ग्रीसमध्ये पायलॉस इथे मातीच्या एका पाटीच्या पाठीवर असाच सात वेढ्यांचा व्यूह ओरखडलेला सापडला, साधारण ३,२०० वर्षांपूर्वीचा. तो चौकोनी, आपला गोल. त्यावरून कुणी आपले लोक तिकडे गेले म्हणतं, कुणी ते इकडे आले म्हणतं. माणूस बोट फिरवायला लागला की फिरत फिरत असाच काहीतरी आकार होतो, ही शक्यता कुणालाच आवडत नाही.

---

फेणीपंडित

आमच्या आजोबांचं उत्तर सोपं होतं. पांडवांनी एका रात्रीत केलं. रिवणच्या गुहा पांडवांच्या, हरवळ्याच्या पांडवांच्या. एवढं खोदकाम करून त्यांना वनवासात जेवायला वेळ कधी मिळाला कोण जाणे.

---

रानातलो

सगळं वाचलं. एक शब्द खटकतो, 'शोध लागला'. माझा आजा त्या अंगाला गुरं चारायचा. कातळावर चित्रं आहेत हे त्याला माहीत होतं, त्याच्या गुरांनाही माहीत असावं. १९९३ ला खात्याला कळलं, असं लिहा.

आमच्या केपे तालुक्यात काजूरला दुधाफातर आहे. ग्रॅनाईटचा मोठा खडक, त्यावर बैल कोरलेले. लोक आजही मानतात त्याला. पाहुणे येतात आणि पहिला प्रश्न हाच: अर्थ काय? दुसरा प्रश्न: किती जुना? तिसरा कोणी विचारत नाही, की इथे उभं कुठे राहायचं, बसायचं कुठे. आम्हाला लहानपणी तेवढंच शिकवलं होतं. पौषात धालो (बायकांचा रात्रीचा फेर) खेळणाऱ्या बाईला विचारा, मांडाचा (तो खेळतात त्या जागेचा) अर्थ काय? ती म्हणेल, 'मांड म्हळ्यार मांड.' सारवते, दिवा लावते, चप्पल घालून कुणाला पाय ठेवू देत नाही. सातेरी देवीचं रोयण तेच, वारुळाची माती आहे हे काय आम्हाला दिसत नाही?

आणि कृपा करून आम्हाला 'आदिम संस्कृतीचे वारस' म्हणू नका. मी दिवसभर संगणकावर दाखले काढतो, प्रिंटर अडकला की शिव्याही देतो. ते चक्र माझ्या पूर्वजांनीच कोरलं का, मला माहीत नाही. मात्र त्यावरून चालत गेलेल्या माणसाला हाक मारायची सवय माझ्या घरात आहे. कुळागरबाब, पुढच्या वेळी बोला त्या लोकांना. ऐकतात बहुतेक.

---

टिप्पर_कुडचडे

शेवटी गाडी खाणीवर येणारच, तर मीच आणतो.

आमच्या घरी दोन टिप्पर होते. २०१२ ला खाणी बंद, कर्जाचे हप्ते चालू. मग सुरू झाल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केली. एक टिप्पर विकला, दुसरा गंजला. त्यामुळे 'खाणी वाईट, दगड चांगला' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्या तांबड्या मातीने माझी बहीण इंजिनीअर केली.

पण खरं तेही सांगतो. ज्या खाणीवर मी फेऱ्या मारायचो (नाव घेत नाही), तिथे मातीचे डोंगर रचलेले होते. पहिल्या मोठ्या पावसात त्यातली माती ओहोळाने खाली यायची आणि नदी चहासारखी वाहायची. तेव्हा मला वाटायचं, नदी आहे, धुऊन जाईल. आता विचार करतो, गाळ बसायला सपाट जागा लागते, आणि नदीकाठचा सपाट कातळ म्हणजे काय?

---

म्हापसेकर_लंडन

टिप्परभाऊ, मे २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात जुकान गॉर्ज इथे रिओ टिंटो कंपनीने लोहखनिजासाठी सुरुंग लावले आणि ४६,००० वर्षांपासून माणसाचा वावर असलेले खडकाचे निवारे उडवले. तिथले मूळ रहिवासी विरोध करत होते. मागून गदारोळ झाला, कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला जावं लागलं. वाईट याचं वाटतं, की कायद्याने सगळं रीतसर होतं.

---

टिप्पर_कुडचडे

म्हणजे कागद होता?

---

म्हापसेकर_लंडन

होता. २०१३ पासून.

---

टिप्पर_कुडचडे

हं. आमच्याकडे कागद नाही म्हणून बंद पडलं, त्यांच्याकडे कागद होता म्हणून फुटलं.

---

म्हापसेकर_लंडन

मूळ प्रश्नाकडे. इथून स्टोनहेंज गाडीने दोन तासांवर. तिकीट काढा, बसने जा, दोरीच्या बाहेरून गोल फिरा, परत या. दुकानात त्याचं चित्र असलेला चहाचा कप मिळतो. ४,५०० वर्षांपूर्वी उभे केलेले दगड, काही लहान दगड तर वेल्सच्या डोंगरातून दोनशे किलोमीटरहून जास्त अंतरावरून आणलेले. आणि १९१५ मध्ये ही जागा लिलावात विकली गेली होती! चब नावाच्या गृहस्थाने ६,६०० पौंडांना घेतली आणि तीन वर्षांनी देशाला देऊन टाकली. शेजारून मोठा रस्ता जातो, तो भुयारात घालायचा की नाही यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं, २०२४ ला सरकारने तो बेत सोडला.

मात्र जूनच्या सर्वांत मोठ्या दिवशी, डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशी आणि दिवस-रात्र सारखे असतात त्या दोन दिवशी पहाटे लोकांना आत सोडतात. मी एकदा गेलो. ढोल, पांढरे झगे, कॉलेजची पोरं, एक आजी थर्मास घेऊन. सूर्य ढगातच राहिला. तरी सगळे त्या दिशेला तोंड करून गप्प झाले, दोन मिनिटं. अर्थ तिथेही कुणाला ठाऊक नव्हता.

बाकी वर्षभर दगडाला हात लागत नाही. कुळागर, तुमच्या भाच्याने बोट फिरवलं याचा मला हेवा वाटला.

---

खडूफळा

हेवा वाटू देत, पण बोट फिरवायला मी मुलांना सांगणार नाही. एक भाचा ठीक. दिवसाला दोनशे भाचे आले तर?

---

रानातलो

बाई, दिवसाला दोनशे? आठवड्याला वीस आले तर चहाची गाडी लागेल. पण मुद्दा कबूल. पावसाळ्यात शेवाळ धरतं, नदी चढते, तेच सोसेना झालंय.

---

राजापूरकर

शेजारच्या घरातून बोलतो. आमच्याकडे सडा (उघडं कातळाचं पठार), तुमच्याकडे मळ, कातळ एकच. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणची कातळशिल्पं गेली, त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातली आठ ठिकाणं आणि नववं तुमचं पणसायमळ. काशेळीचा हत्ती बघायला या एकदा. जवळपास १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. जमिनीवर उभं राहून पूर्ण दिसतच नाही. मग कुणाला दाखवायला काढला? आमच्याकडे एकशिंगी गेंडाही कोरलेला आहे. आज कोकणात गेंडा कुठे? कोरणाऱ्याने तो पाहिला असणार, निदान ऐकला तरी असणार.

बारसूचं तुम्हाला माहीत आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात रिफायनरीच्या माती परीक्षणावरून गावात पोलीस, कातळावर झोपलेल्या बायका. माझ्या घरात दोन्ही पक्ष आहेत. मोठा भाऊ म्हणतो, पोरं मुंबईला खोलीत दहा-दहा राहतात त्यापेक्षा कारखाना आला तर काय बिघडलं. वहिनी आंदोलनात. दोघं एकाच ताटलीतलं आंबोळी-चटणी खातात, हे विशेष.

त्यावेळी एक तोडगा ऐकला, की शिल्पांपुरतं कुंपण घालू, बाकी जमीन मोकळी करू. मी तो आखलेला चौकोन मनात धरून सड्यावर उभा राहिलो. पावसाळ्यात जिथे फुलं येतात तो भाग बाहेर, पाण्याचं डबकं बाहेर, गुरांची पायवाट बाहेर. आत फक्त कोरीव रेघा. सड्यावर माणसं आली ती पाण्याला आणि जनावराच्या मागे आली असतील ना? ते बाहेर ठेवून आत काय जपणार?

---

फेणीपंडित

आंबोळीची पाककृती वेगळ्या धाग्यात टाका.

---

कुर्डीची_लेक

राजापूरकर, तुमच्या चौकोनावरून आमची देवी आठवली.

माझी आई कुर्डीची. साळावली धरणाखाली गेलेलं गाव, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं. दर मे महिन्यात पाणी उतरतं, गाव वर येतं, आणि आम्ही जातो. आई अजून बोट दाखवून सांगते, ही आमची पायरी, इथे वहिनीचं न्हाणीघर. बघणाऱ्याला नुसता चिखल दिसतो.

धरण भरायच्या आधी कुर्डीचं जुनं महादेवाचं देऊळ दगडांवर आकडे घालून सोडवलं आणि धरणाजवळ पुन्हा उभारलं. आणि एक होती जांभ्यात कोरलेली मोठी मातृदेवता. फार जुनी, उताणी, ओबडधोबड, चेहरा असा नाहीच. तिला उचलून वेर्ण्याला नेलं, जुन्या म्हाळसेच्या देवळाच्या जागेवर. आता गंमत बघा. म्हाळसा सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या भीतीने वेर्ण्याहून म्हार्दोळला गेली. तिच्या रिकाम्या जागेवर चारशे वर्षांनी आमची आली, धरणाच्या पाण्याने उठवलेली. जांबावलीचा दामोदर तरी कुठला, मडगावचाच. गोव्यात देवालाही कायमचा पत्ता नाही.

आईला एकदा वेर्ण्याला घेऊन गेले. देवीसमोर उभी राहिली. नमस्कार केला नाही आधी. कमरेवर हात ठेवून बघत राहिली, मग म्हणाली, 'बाय गो, तुकाय प्लॉट दिलो?' (आम्हाला पुनर्वसन वसाहतीत मिळाला होता.) आणि मग बसून रडली. घरी येताना म्हणाली, 'तिथे ती जमिनीत होती. इथे ठेवलेली आहे.'

दगड वाचला, याबद्दल मी त्या लोकांची ऋणी आहे. बुडाली असती तर काय केलं असतं? पण कातळावरचं चक्र असं उचलता येणार नाही. ते जिथे आहे तिथेच आहे.

---

पाषाणभेद

ताई, मी या विषयावर तासन्‌तास बोलतो आणि 'जमिनीत होती, ठेवलेली आहे' हे मला कधी सुचलं नसतं. आईंना नमस्कार सांगा.

सत्तरीतल्या म्हाउसचंही तसंच आहे. झरमे नदीच्या पात्रातच बैल आणि पावलं कोरलेली आहेत. उन्हाळ्यात पाणी आटलं की दिसतात, पावसात नदी घेऊन बसते. तिथे कुंपण घालणार तरी कसं? नदीला?

---

सांगेकर_८२

उसगाळीमळला पहिल्यांदा गेलो तेव्हा रस्त्यावर पाटी नव्हती. गाडी थांबवून एका बाईला विचारलं, 'कातळशिल्पं कुठे?' तिला कळेना. मग म्हटलं, दगडावर बैल. 'हां, ते! पुढे जा, कुत्रा भुंकेल, घाबरू नको.' कुत्रा भुंकला. बरोबर पोचलो.

---

कुळागर

काल रात्री भाच्याला फोन केला. सांगितलं, त्या दिवशी मी थाप मारली, चक्राचा अर्थ मला माहीत नाही. तो म्हणाला, 'मला वाटलंच होतं.' मग विचारतो, 'पण तिथल्या फलकावर अर्थ लिहिणाऱ्या काकांना कसं कळलं?' यावर मी काही बोललो नाही.

त्याने वहीत ते चक्र काढलंय, आठवणीने. फोटो पाठवला. सहा वेढे आलेत आणि आत जायची वाट बंद झालीय. त्याला ते कळलंय, म्हणून परत यायचं म्हणतो. दिवाळीच्या सुट्टीत.

त्याआधी आपणच जाऊ या का? येत्या रविवारी, सकाळी सातला तिळामळला भेटू. रानातलोबाब, तुम्ही पुढे व्हा, कुठे उभं राहायचं ते दाखवा. खडूफळाबाई, तुमचा तीन शिंगांचा तक्ता असेल तर आणा.

---

खडूफळा

माळ्यावर आहे. शोधते.

---

रानातलो

येतो. सात म्हणजे सात. नऊला येणाऱ्यांनी जांबावलीला थांबून गोड खावं.

---

टिप्पर_कुडचडे

आता माझ्याकडे भाड्याची जीप आहे, आठ बसतात. कुडचडेहून कोण? पेट्रोल मी घालतो. पण चपला गाडीत काढायच्या की कातळाजवळ?

---

सांगेकर_८२

कातळाजवळ. वाटेत काटे आहेत.